रेवतीसाठी केलेलं तेल

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. आईच्या नाही, घटस्फोटाच्या वेळी ज्या समुपदेशक बाईंसमोर मी तासन्‌तास रडले त्यांच्याही नाही. आणि जिला सांगायलाच हवं होतं तिला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखणारी माणसं तशी फारशी उरलीही नाहीत, म्हणूनही असेल.

मी कर्वेनगरला राहते. एकटी. हे घडलं तेव्हाही तिथंच राहायचे आणि तेव्हाही एकटीच. नवरा कंपनीकडून ऑनसाइट गेला तो थोड्या महिन्यांसाठी म्हणून, आणि तिकडचाच झाला. भांडण नाही, तंटा नाही. आधी रोज फोन यायचा, मग रविवारी, मग सणावारी, मग कागद आले. त्या काळात पुण्यात हे काही नवलाचं राहिलं नव्हतं. आमच्या सोसायटीत निम्म्या घरांत कुणी ना कुणी विमानात बसलेलं असायचं. फक्त त्यांची माणसं परत यायची.

मी खराडीच्या एका आयटी पार्कात नोकरीला होते. सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या पुस्तिका लिहायचे. खरं तर माझं निम्मं काम सूचना लिहिण्याचं — हे बटण दाबण्यापूर्वी ते तपासा, अमुक केल्यास तमुक नुकसान होईल, सावधान. लोक त्या वाचत नाहीत हे मला ठाऊक होतं, तरी मी मन लावून लिहायचे. हे मुद्दाम सांगते आहे. का ते पुढे कळेल.

तेलांचा नाद मला त्या रिकाम्या घरानं लावला. आधी एका शनिवार-रविवारच्या वर्गात सुगंधी तेलं शिकले. मग घरी नवीनच इंटरनेट आलं होतं, त्यावर परदेशातल्या बायकांची एक अख्खी दुनिया सापडली — चंद्राच्या कला पाहून तेलं मिसळणाऱ्या, मेणबत्तीला तेल चोळून मनातली इच्छा तिच्यात घालणाऱ्या. आपल्याकडे शनिवारी मारुतीला तेल घालतात, त्याचं मला काडीचं कौतुक नव्हतं. पण हेच कुणी इंग्रजीत सांगितलं की मी रात्र रात्र वाचत बसायचे! हसा हवं तर. मीही हसते.

हळूहळू माझ्या घरी शनिवारी संध्याकाळी चार-पाच जणी जमू लागल्या. सगळ्या कंपनीतल्या किंवा त्यांच्या मैत्रिणी. आम्ही त्याला विचक्राफ्ट म्हणायचो. मराठीत चेटूक म्हटलं की अंगावर काटा यायचा, इंग्रजीत म्हटलं की छंद वाटायचा. कुणाला व्हिसा हवा असायचा, कुणाला बढती, कुणाला मूल. व्हिसासाठी मी तुळस आणि दालचिनीचं तेल करून द्यायचे. व्हिसा आला की श्रेय तेलाला, नाही आला की दोष कॉन्सुलेटला.

पण एक सांगते — तेलाच्या बाबतीत मी फार काटेकोर होते. निदान तशी माझी ख्याती होती. दालचिनी, लवंग, मिरी ही तेलं जहाल. ती नुसती कधी अंगाला लावायची नाहीत, तिळाच्या किंवा बदामाच्या तेलात अगदी थेंबाथेंबानं मिसळायची. लिंबाचं तेल लावून उन्हात जायचं नाही. मेणबत्तीला तेल चोळायचं ते पुसटसंच, नाहीतर भडका उडतो. पोटुशी बाई असेल तर आधी डॉक्टर, मग आमची जादू. आणि कुठलंही नवं तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहायची. मेणबत्तीचं तेल वेगळं, अंगाचं तेल वेगळं, बाटलीवर चिठ्ठी हवीच. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हे मी इतक्यांदा म्हणायचे की माझ्या पाठीमागे माझी नक्कल व्हायची.

रेवती त्यांच्यातली एक. एक कशाला — माझ्यासाठी ती एकच होती. बाकीच्या तेलासाठी यायच्या, ही माझ्यासाठी यायची. निदान मला तसं वाटायचं. आमचं ऑफिस एक, कॅब एक, राहायचं कर्वेनगरलाच. संध्याकाळी कॅबमधून उतरली की माझ्याकडे चहा, मग घरी. तिचा नवरा धायरीचा. घरची शेती होती, तिथं आता इमारती उभ्या राहत होत्या. मुलगी सई, तेव्हा नुकती शाळेत जायला लागलेली. सईला सांभाळायला बाई मिळेना, म्हणून रेवतीनं सासूबाईंना धायरीहून आणलं. हिराबाई त्यांचं नाव.

आणि रेवतीचा चहा बंद झाला.

तसं कारण साधंच होतं. घरी सासू वाट बघायची, गरम भाकरी करायची, सई दारात उभी असायची. कोण कशाला थांबेल माझ्याकडे? शनिवारीसुद्धा कधी यायची, कधी नाही. आली की सासूच्या गोष्टी सांगायची. आईंनी दाराला लिंबू-मिरची बांधली, आईंनी सईची दृष्ट काढली, मोहरी कशी तडतडली. हसत सांगायची, पण त्या हसण्यात माया होती. मला ती ऐकवत नव्हती. हेवा म्हणतात तो हाच ना? एका म्हाताऱ्या बाईचा, जिचं माझ्याशी काही वाकडं नव्हतं.

उलट — हेही सांगायला हवं — तिनं एकदा माझी दृष्ट काढली होती. मी त्यांच्याकडे गेले होते, सईसाठी तेलात भिजवलेली वात उतरवून झाली होती. ती माझ्याकडे वळली, म्हणाली, "तुझी कोन काढतं गं पोरी? बस हितं." मी बसले. वात तिनं भिंतीपाशी चिमट्यात धरून पेटवली, पाण्यात थेंब चर्रचर्र पडले, आणि ती म्हणाली, लई लागली हुती. मला तेव्हा रडू आलं होतं. घरी येऊन मला तिचा आणखीच राग आला. का, ते विचारू नका.

मग रेवती टीम लीड झाली. ऑफिसात कुजबुज सुरू झाली, सई सारखी आजारी पडू लागली, आणि रेवतीनं माझ्याकडे संरक्षणाचं तेल मागितलं. दाराच्या चौकटीला आणि मेणबत्तीला लावायला. किती दिवसांनी तिनं काहीतरी मागितलं होतं! मला ते असं करायचं होतं की तिला कळावं — लिंबू-मिरचीपेक्षा हे खरं. परदेशी कृतीत मिरी होती, लवंग होती. मला त्यात आपल्या मातीतलं काहीतरी हवं होतं. मी मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून बिब्बे आणले.

बिब्बा तुम्हाला ठाऊक असेल. दाराला लिंबू-मिरचीबरोबर बांधतात ते काळं बी. नजर लागू नये म्हणून त्याचा ठिपका लावतात, आणि चुकून जास्त लागला तर कातडी भाजल्यासारखी सोलून निघते. बिब्बा उतला म्हणतात त्याला. आमच्या आईनं लहानपणी बजावलं होतं, बिब्ब्याला हात लावायचा नाही. दुकानदारानंही पुडी देताना तेच सांगितलं. मी सुईला बिब्बा टोचून निरांजनावर धरला. काळं, चिकट तेल गळत होतं. एक बिब्बा पुरला असता. मी पुडीतले सगळे संपवले.

बाटलीवर मी चिठ्ठी लावली नाही. बिब्बा घातला आहे हे रेवतीला सांगितलंही नाही. गुपितानं तेलाचं वजन वाढतं, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. आणि तिनं ते चौकटीलाच लावायचं होतं ना?

पुढचं लिहिताना मी दोनदा उठले. पाणी प्यायले. असो.

त्या शनिवारी रेवती येणार होती. तिनं आदल्या दिवशी कळवलं की धायरीच्या देवीची जत्रा आहे, आई म्हणतात सगळ्यांनी जाऊ. मी म्हटलं, जा की. शनिवारी मी दोघींसाठी केलेला साबुदाणा एकटीनं खाल्ला. सोमवारी सकाळी तिचा फोन आला. क्लायंटसमोर मोठं सादरीकरण होतं, ती घाबरली होती. ते तेल मानेला आणि मनगटांना लावलं तर चालेल का, एवढंच तिला विचारायचं होतं.

तेव्हा माझ्या उजव्या हाताचं बोट खाजत होतं. बिब्बे टोचताना थेंब लागला होता तिथं. लाल झालं होतं, टरारून वर आलं होतं. मी त्याच्याकडे बघत होते — फोन डाव्या कानाला होता आणि मी बोटाकडे बघत होते.

मी म्हणाले, "लाव की."

इतकी वर्षं मी स्वतःला वेगवेगळं सांगत आले. घाई होती, कॅब खाली उभी होती, मिसळलेल्या तेलात काही होणार नाही असं वाटलं. यातलं थोडं खरंही असेल. पण बोट खाजत होतं. नको म्हटलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं, आणि मग काटेकोर बाई कुठली राहिले असते मी? हे एक झालं. दुसरं — त्या क्षणी मला ती जत्रा आठवत होती.

दोन दिवसांनी रेवतीची मान आणि मनगटं फोडांनी भरली. हात चेहऱ्याला लागले असणार, कारण डोळे सुजून मिटले होते. ती कातडीच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी विचारलं, काय लावलं होतंत? जादूचं तेल लावलं हे टीम लीड बाई कशी सांगणार! ती काही नाही म्हणाली. डॉक्टरांनी मलम दिलं.

मी तिला भेटायला गेले. ती आतल्या खोलीत पडली होती. हिराबाई स्वयंपाकघरात पाट्यावर तीळ आणि खोबरं वाटत होती. बिब्ब्यावर तेच लावतात. मला बघून तिनं नुसती मान हलवली आणि वाटत राहिली.

रेवतीनं माझा हात धरला. म्हणाली, "आई म्हणतात हा बिब्बा उतलाय. तुझ्या तेलात बिब्बा होता का गं?"

मी म्हणाले, नाही.

बघा, एवढंच. हा एक शब्द बोलून मी थांबले असते तर मी नुसती खोटारडी ठरले असते, यापेक्षा जास्त काही नाही. तिनं थोडा विचार केला. सुजलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत हळू आवाजात विचारलं, "मग त्यांना कसं कळलं बिब्बा आहे ते?"

बाहेर पाट्यावर वरवंटा फिरत होता. मला उत्तर माहीत होतं. धायरीतली कुठलीही म्हातारी तो फोड बघून तेच म्हणाली असती. माझी आईसुद्धा म्हणाली असती.

मी म्हणाले, "तोच तर प्रश्न आहे, रेवती."

नाव मी घेतलं नाही. एवढी हुशारी माझ्यात होती. बाटली मात्र मागून घेतली, शुद्ध करून देते म्हणून, आणि घरी येऊन ती सोड्यानं धुऊन टाकली.

पुढचं सगळं माझ्याशिवाय झालं. रेवतीनं सासूनं वाटलेला लेप लावला नाही, फेकून दिला. नवऱ्याला सांगितलं, आईंनीच करणी केली. तो आधी चिडला, मग गप्प झाला. कारण तो धायरीचा, हे बोलणं त्यानं लहानपणापासून ऐकलेलं. सईला आजीच्या हातचं खायला बंदी झाली. महिनाभरात हिराबाई धायरीला परत गेली, आणि बोलणं तिच्याआधी पोचलं. तिथं तोवर इमारती झाल्या होत्या, लिफ्ट आली होती, पण भावकीनं तिला बारशाला बोलावणं बंद केलं. रेवतीनंच मला हे सांगितलं, माझ्याकडे चहा पिताना. हो, चहा पुन्हा सुरू झाला होता. मला हवं ते मिळालं होतं.

गंमत पाहा — दर शनिवारी मेणबत्त्या लावून स्वतःला हौसेनं विच म्हणवणाऱ्या आम्ही. आणि चेटकीण ठरली ती जिनं आयुष्यात दिव्यात घालायला आणि भाजीला फोडणी द्यायला सोडून तेलाला हात लावला नव्हता, फार तर नातीची दृष्ट काढायला.

ती एकदा माझ्याकडे आली होती. दुपारची, रजेच्या दिवशी. धायरीहून दोन बस बदलून. पायऱ्या चढून तिला दम लागला होता. मला वाटलं, झालं, आता ही मला विचारणार. ती पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुझं ती ऐकती, पोरी. तू शिकलेली हायेस. तिला सांग की, म्यां काय बी केलं न्हाई. मला घरात नगं घेऊ, पन पोरीला तेवढी बघू दे."

तिला माझा संशय आला नव्हता. कुठल्याही तेलाचा तिला पत्ताच नव्हता. मी वाट बघत होते की आता तरी माझ्या तोंडून निघेल. तुम्हाला वाटतं ना, अशा वेळी माणसाला राहवत नाही? राहवतं. मी म्हणाले, बघते, बोलते तिच्याशी. तिनं माझ्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली आणि गेली. मी रेवतीशी बोलले नाही.

शनिवार पुढे बंदच पडले. एक कॅलिफोर्नियाला गेली, एक बाळंत झाली, एकीला कुणी बाबा-महाराज भेटले. रेवतीनं मोठं घर घेतलं, लांब. मी तेलं देऊन टाकली. हिराबाई काही वर्षांनी धायरीतच गेली, झोपेत म्हणे. रेवती दहाव्या-तेराव्यालाही गेली नाही. तिच्या मानेवर अजून डाग आहेत, ती ओढणीनं झाकते. दर दिवाळीला न चुकता माझ्याकडे फराळाचा डबा पाठवते, कारण मी तिला वेळेवर सावध केलं होतं. मी तो फराळ खाते. चकल्या फार चांगल्या असतात तिच्या.

यंदा डबा घेऊन सई आली. आता तीही खराडीलाच नोकरी करते, गळ्यात ओळखपत्राचे तेच पट्टे, तोंडात तेच अर्धं इंग्रजी. मला मावशी म्हणते. बसली, इकडचं तिकडचं बोलली, आणि मग कपाशी चाळा करत म्हणाली, मावशी, एक विचारू का? आजी शाळेच्या गेटवर यायची, मला आठवतं. तिच्या हातात काहीतरी खाऊ असायचा. आईनं सांगितलं होतं, तिच्या डोळ्यांत बघायचं नाही, पळत व्हॅनमध्ये जाऊन बसायचं. मी बसायचे. ती व्हॅनच्या काचेवर हात ठेवायची आणि मी डोळे घट्ट मिटून घ्यायचे. "मावशी, आजीनं खरंच आईला काही केलं होतं का? बाबा बोलत नाहीत, आई रडायला लागते. तुला माहितीये, असं आईच म्हणाली."

घरात आम्ही दोघीच होतो. ती वाट बघत होती, घाई करत नव्हती. तिचा चेहरा मला ओळखू येत होता — कपाळ, हनुवटी, सगळं त्या म्हातारीचं.

मी म्हणाले, "जुन्या गोष्टी गं त्या. चहा गार होतोय."

तिनं मान हलवली. उरलेला चहा प्याली, कप स्वतः धुऊन ठेवला, वाकून नमस्कार केला आणि गेली. मी नको म्हणायच्या आत माझ्या पायांना तिचा हात लागला होता.

तिच्या आजीनं काही केलं नव्हतं. मी केलं होतं, आणि परवाही पुन्हा केलं.